मिनिटाला साठ शब्द

२३ जून, सोमवार

आज दोन वह्या आणल्या. एक चिंतनवही. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे ती ठेवायची, दर शनिवारी तिचा फोटो ॲपवर टाकायचा आणि तिच्यात मी रोज कशी समृद्ध होते आहे ते लिहायचे. दुसरी ही. हिचा फोटो कोणी मागणार नाही, म्हणून हिच्यात खरे लिहायला हरकत नाही.

प्रशिक्षण सांगलीला पाच दिवस होते. पहिला दिवस उद्घाटनात गेला, पाचवा समारोपात. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर लागला नाही. उरलेल्या दोन दिवसांत डिस्लेक्सिया म्हणजे काय ते सांगितले. मूल हुशार असते, डोळे-कान ठीक असतात, पण अक्षर आणि आवाज यांची सांगड त्याच्या डोक्यात बसत नाही. ते आळशी नसते. त्याला वेगळ्या रीतीने आणि फार चिकाटीने शिकवावे लागते. सांगणाऱ्या बाई जाणत्या होत्या. ऐकताना वाटले, वीस वर्षांच्या नोकरीत काही पोरांना आपण उगाच बदडले. मग जेवणाची सुट्टी झाली.

मी नाव दिले ते 'वाचनमित्र शिक्षक' झाल्यावर मतदारयादीच्या कामातून सूट मिळते असे ऐकले म्हणून. अशी कोणतीही सूट नाही, असा खुलासा समारोपात झाला.

२७ जून, शुक्रवार

माझ्याकडे सात पोरे दिली आहेत. सहा जणांचे नुसते राहून गेले आहे. आई-बाप ऊसतोडीला गेले की पोरे बरोबर जातात, आली की पुन्हा ओ की ठो येत नाही. ती चार महिन्यांत रांगेला लागतील. सातवी अर्फा.

अर्फा चौथीत आहे. गावच्या मणेरांची मुलगी. बाप चांदसाहेब आणि आई मेहरुनबी जत तालुक्यातले सगळे आठवडी बाजार बांगड्या घेऊन फिरतात. पोरगी बोलायला चुरचुरीत, हिशेबाला पक्की, तीन वर्षांत शाळा बुडवलेली नाही, आणि फळ्यावर 'कमळ' लिहिले तरी तिच्या कपाळाला घाम येतो. प्रशिक्षणातले वर्णन जणू हिला समोर बसवूनच लिहिले होते.

आज चांदसाहेबांना बोलावले होते. ते आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, वाचाय आलं तर पाचवीला धाडू हायस्कूलला. न्हाई आलं तर कशाला सा किलोमीटर पाय तोडायचं? आईसंगं बाजारात बसंल." त्यांच्या बाजूने त्यांचे बरोबर आहे. हायस्कूलमध्ये अशा पोरीला मागच्या बाकावर 'ढ' म्हणून दोन वर्षे बसवतात आणि मग ती आपोआप घरी बसते.

मी त्यांना सांगितले की बारा आठवड्यांत फरक पडला नाही तर सप्टेंबरात सांगलीला दवाखान्यात तपासणी शिबिर आहे. तिथला दाखला मिळाला की दहावीपर्यंत पेपर वाचून दाखवायला माणूस मिळतो, वेळ जादा मिळतो. आणि फरक पडला तर उत्तमच. मुख्याध्यापक शांतिनाथ सर म्हणाले, फरक पडेलच. सर मे महिन्यात निवृत्त होणार आहेत. त्यांना आता सगळ्यांत फरक पडलेला दिसतो.

४ जुलै, शुक्रवार

आजपासून दर शुक्रवारी वाचनचाचणी. वाचनमित्र अभियानाचे कार्ड आले आहे, सगळ्या जिल्ह्याला एकच. 'काशीबाईची शेळी', साठ शब्द. दर शुक्रवारी तेच कार्ड वाचून घ्यायचे, म्हणजे प्रगती मोजता येते, असा आदेश आहे. आधी शिक्षकाने एकदा स्पष्ट वाचून दाखवायचे, मग मुलाने. मिनिटाला साठ शब्द झाले की मूल वाचनक्षम.

मी वाचून दाखवत असताना "तेवढ्यात" या शब्दावर आले आणि शांतिनाथ सरांनी सुट्टीची घंटा पाच मिनिटे आधीच बडवली. सर सूर्य मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळे पाचची एस.टी. कधी चुकवत नाहीत. मी थांबले, घड्याळ बघितले, सुस्कारा सोडला आणि पुढे वाचले, "तेवढ्यात शेळीने कान टवकारले." तिथे कार्ड संपते.

अर्फाचे मिनिटाला चार शब्द झाले. ते झाल्यावर तिने विचारले, "बाई, फुडं शेळीचं काय झालं?" मी म्हटले, ही चाचणी आहे, गोष्ट नाही.

१८ जुलै, शुक्रवार

अर्फा एकोणीस. माझा माझ्यावर विश्वास बसेना.

पुस्तिकेत लिहिले आहे की रोज वीस मिनिटे मातीत बोटाने अक्षर गिरवून घ्या, तोंडाने आवाज काढून घ्या, एका दिवशी एकच अक्षर. चार दिवस केले. अर्फाला ते अजिबात आवडत नाही. मातीत बसवले की तिच्या पोटात दुखते. कार्ड घेऊन बसवले की पोट थांबते आणि म्हणते, "बाई, तुमी एकदा म्हना, मग मी म्हन्ते." मुलाच्या कलाने घ्यावे असे प्रशिक्षणातही सांगितलेच होते. मग माती बंद केली. उगाच घासत बसण्यात काय अर्थ आहे?

१ ऑगस्ट, शुक्रवार

अडतीस शब्द. पंचमीच्या बाजारामुळे तीन दिवस बुडवले होते तरी अडतीस. सरावाशिवाय वाढ, म्हणजे पाया पक्का झाला.

नुसती वाढ नाही, ढंगही आला आहे. मान वर करून, समोरच्याकडे बघत वाचते. आमच्या केंद्रप्रमुखांना स्वतःच्याच भाषणाचा कागद असा वाचता येत नाही. "तेवढ्यात" वर थांबते, जरा भिंतीकडे बघते, सुस्कारा सोडते आणि मग शेळीचे कान टवकारते. विरामाची जाण म्हणतात ती हीच. कुठे शिकली कोण जाणे. चिंतनवहीत यावर पानभर लिहिले.

शेजारच्या शाळेतल्या जयराज सरांच्या पोरांचे आलेख मात्र सगळे एकसारखे चढतात, जिन्यासारखे. पाठ करून घेतले असणार. आकडे फुगवायचे ते तरी बेताने फुगवावेत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

साठ.

ॲपवर अर्फाच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. खाली ओळ आली, 'अभिनंदन, आपले मूल वाचनक्षम झाले आहे.' हिरवा ठिपका आला की शिबिराच्या यादीतून नाव आपोआप उडते, तसे उडाले. मी दोन मिनिटे मोबाईल धरून बसले. वीस वर्षांत मी पुष्कळ पोरे पुढच्या वर्गात ढकलली, पण एखादे हाताने उचलून ठेवल्यासारखे पहिल्यांदाच वाटले. डोळ्यांत पाणी आले. इथे लिहायला हरकत नाही.

संध्याकाळी चांदसाहेब आणि मेहरुनबी माझ्या खोलीवर आले. एक डझन बांगड्या आणल्या होत्या. हाताचे माप न घेता आणल्या आणि चपखल बसल्या. मी विचारले तर मेहरुनबी म्हणाली, माप अर्फाने सांगितले. गावातल्या दीडशे बायकांच्या मनगटांची मापे तिला तोंडपाठ आहेत, एकदा हात बघितला की विसरत नाही. मी म्हटले, वा. चांदसाहेबांनी हायस्कूलसाठी आतापासूनच दप्तर घेऊन ठेवले आहे.

७ सप्टेंबर, रविवार, उंब्रज

केंद्रप्रमुखांनी अर्फाची यशोगाथा मागवली. 'मणेराची लेक वाचू लागते तेव्हा' असे नाव देऊन मी चार पाने लिहून दिली. यशोगाथेत मूल सुरुवातीला जितके वाईट तितके बरे, म्हणून चार शब्दांचे तीन केले. शेवटी जिल्ह्याला सत्कार असतो, शाल-श्रीफळ. मला असल्या शालींचे काडीचे कौतुक नाही. जी माणसे शालीसाठी काम करतात त्यांची मला कीव येते.

सुट्टीला घरी आले आहे, तर घरच्यांबरोबर कराडला गेले होते. सहजच एक काठापदराची साडी घेतली. शालीच्या रंगाला चालेल अशी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कुठून सुरुवात करू?

आज साहेब आले, शिक्षणखात्यातले, बरोबर चार गाड्या. शाळा काल धुतली. फेटे बांधले. अर्फाला मधोमध उभे केले. मी मागे उभी राहिले, तिच्या खांद्यावर हात ठेवून, कारण फोटोवाल्याने तसे सांगितले.

साहेब म्हणाले, घोकंपट्टी चालणार नाही, मी माझे कार्ड आणले आहे. त्यांनी पाकिटातून न बघताच एक कार्ड काढले आणि अर्फाच्या हातात दिले. मला वरून दिसत होते. शेळी नव्हती. 'गावची टपालपेटी' होती.

अर्फाने कार्ड दोन्ही हातांत धरले, मान वर केली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "काशीबाईची शेळी आजारी पडली."

माझा हात तिच्या खांद्यावर होता. तो तिथून काढावा की ठेवावा हे मला कळेना. साहेब मोबाईलवर काहीतरी बघत मान डोलावत होते. केंद्रप्रमुख साहेबांकडे बघत मान डोलावत होते. शांतिनाथ सर घड्याळाकडे बघत होते. टपालपेटी हातात धरून पोरगी शेळी म्हणत गेली. "तेवढ्यात" आले. ती थांबली, भिंतीकडे बघितले, सुस्कारा सोडला. तो सुस्कारा माझा होता. चार जुलैला घंटा झाली तेव्हा मी सोडलेला.

शेळीने कान टवकारले आणि टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, "जिल्ह्यात अशी एक तरी मुलगी असावी." मग मला म्हणाले की सव्वीस तारखेला सांगलीला सत्कार आहे, मुलीला घेऊन या, व्यासपीठावर असेच वाचून दाखवू दे. मी "हो सर" म्हटले. हे मी लिहून ठेवते आहे. मी "हो सर" म्हटले.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर अर्फाला थांबवले. पहिलीचे पुस्तक समोर ठेवले. तिने पुस्तकाकडे बघितलेच नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी एकदा म्हना की बाई."

मी म्हटले, मी म्हणणार नाही. मग तिने बोट ठेवले. अकरा अक्षरे ओळखली, त्यात मातीत गिरवलेली चारही होती, त्या पहिल्या चार दिवसांतली. बाकी सगळी तिच्यासमोर नुसत्या रेघा होत्या. म्हणजे ते माती-बोटाचे काम करणारे होते. मीच बंद केले होते, तिच्या पोटात दुखते म्हणून आणि आलेख चढतो आहे म्हणून.

मी विचारले, मला का नाही सांगितलेस? ती फ्रॉकच्या टोकाशी खेळत होती. म्हणाली, "तुमी लय खूस झालता. म्हनलं कशाला सांगायचं?"

जयराज सरांच्या आलेखाला मी काय काय बोलले होते ते वर लिहिलेले आहेच. पान फाडावेसे वाटले. फाडले नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

ॲपवर हिरवा ठिपका काढायचा प्रयत्न केला. नाव वगळायचे असेल तर कारण निवडावे लागते. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद. 'बाई चुकल्या' असे कारण नाही. मदतकेंद्राला फोन लावला. तिकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, मॅडम, एकदा वाचनक्षम झालेलं मूल मागे घेता येत नाही, शिकलेलं मूल विसरेल कसं?

मग शांतिनाथ सरांना सगळे सांगितले. शिबिराची यादी कागदावरही स्वीकारतात, पण मुख्याध्यापकाच्या सहीने, वीस तारखेच्या आत. सरांनी ऐकून घेतले, चष्मा पुसला. म्हणाले, "बाई, माझे आठ महिने राहिलेत. साहेबांनी स्वतः ऐकलंय. आता तिला वाचता येत नाही असं मी लिहून देऊ?"

आणि शिबिराची तारीख कोणती, तर सव्वीस. सत्काराचीही सव्वीस. दोन्ही सांगलीत, दोन्ही अकरा वाजता.

कालपासून मनात येते आहे ते इथे लिहिते. काही बोललेच नाही तर? मेपर्यंत शेळी चालेल. जूनमध्ये ती हायस्कूलची होईल, मग त्यांचे ते बघतील. मागच्या बाकावर. दप्तर नवे असेल.

१७ सप्टेंबर, बुधवार

चांदसाहेबांच्या घरी गेले. नवरात्राचा माल आला होता, घरभर बांगड्यांचे गड्डे. अर्फा सुतळीने गड्डे बांधत होती. मी तिच्यासमोरच सांगितले. तिच्या माघारी सांगणे सोपे गेले असते, पण ते बरोबर झाले नसते.

चांदसाहेबांनी हातातला गड्डा खाली ठेवला. मग म्हणाले की असे असेल तर विषयच मिटला, पोरगी बाजारात बसेल, सांगलीच्या दवाखान्याचा शिक्का बसला तर उद्या लग्नाला आडवा येईल. मी पुस्तिकेतली वाक्ये सांगू लागले. ती मला पाठ आहेत. कोणावरही परिणाम झाला नाही.

मेहरुनबी मांडी घालून बसली होती. तिने एक बांगडी उचलली आणि नवऱ्याला म्हणाली, "हात कडक असला म्हनून गिऱ्हाईक माघारी धाडतो व्हय आपन? साबन लावतो, दमानं भरतो. फुटली तर दुसरी घेतो. पन भरतो." मग माझ्याकडे वळली. "बाई, तुमी साबन लावलाच न्हाई. नुस्ती ढकलली."

मी होय म्हटले.

चांदसाहेब म्हणाले, "जावा घेऊन."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शांतिनाथ सरांची एक पद्धत आहे. पोषण आहाराचा तांदूळ त्यांच्या माघारी आला तर पावती अडू नये, म्हणून कोऱ्या कागदावर सही-शिक्का करून ते टेबलाच्या खणात ठेवतात. वीस वर्षे मी यावरून त्यांची टिंगल करते आहे. या कागदावर कोणी शाळा विकेल, असे त्यांना तोंडावर म्हणालेही आहे.

आज दुपारी सर म्हणाले, "तांदूळ येईलसं वाटतंय. कागद खणात आहे. मी चहाला जातो."

तांदूळ मंगळवारीच येऊन गेला होता. त्यांनीच मोजून घेतला होता.

मी त्या कागदावर लिहिले. अर्फाचे नाव, वर्ग, आणि 'सदर विद्यार्थिनीस वाचता येत नाही. तिचा प्रगतीचा आलेख माझ्या चुकीमुळे खोटा आहे.' खाली माझी सही केली. जतला शिक्षणखात्याच्या कचेरीत जाऊन स्वतःच्या हाताने दिला आणि पोच घेतली. कारकून म्हणाला, 'खोटा' ऐवजी 'तांत्रिक त्रुटी' लिहा, शोभून दिसते. मी म्हटले, राहू दे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळची सांगली गाडी. अर्फा खिडकीशी, शाळेच्या कपड्यांत, दोन वेण्या. मी ती काठापदराची साडी नेसले होते. घेतलीच होती, तर नेसले.

गाडीत तिला समजावले की आज शेळी म्हणायची नाही. जे येते ते सांगायचे, येत नाही ते येत नाही म्हणायचे. ती विचार करत होती. मिरज आले तेव्हा म्हणाली, "मग तुमची शाल जाईल की." तिला शालीचे कोणी सांगितले होते? शाळेत सगळ्यांना माहीत होते म्हणे, मीच सांगत होते.

दवाखान्यात दीड तास बसलो. अकराच्या पुढे फोन वाजू लागला. केंद्रप्रमुख, मग केंद्रप्रमुख, मग अनोळखी नंबर. आवाज बंद करून पर्समध्ये टाकला.

तपासणाऱ्या बाई वयस्क होत्या, आवाज मऊ. मला बाहेर बसायला सांगितले, पण दार उघडे होते. कागद दिला. अर्फाने कागद दोन्ही हातांत धरला, मान वर केली, दारातून माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, "काशीबाईची शेळी आजारी पडली. तिने पाला खाणे सोडून दिले."

ती मला वाचवत होती. अख्ख्या जिल्ह्यात मला वाचवायला तेवढी एकच होती, आणि तिने मला वाचवले असते तर दाखला गेला असता, हायस्कूल गेले असते. मला बोलायची परवानगी नव्हती. मी मान हलवली. नको.

ती "तेवढ्यात" पर्यंत आली. थांबली. या वेळी भिंतीकडे बघितले नाही. कागद टेबलावर ठेवला, सरळ केला आणि म्हणाली, "मला वाचाय येत न्हाई."

वीस वर्षांत माझ्या शाळेत हे वाक्य एकाही मुलाने म्हटलेले नाही. म्हणू दिलेलेच नाही.

बाई म्हणाल्या, "बरं. मग बघूया किती येतं." आणि त्यांनी लिहायला घेतले. एक तास लागला. दाखला पंधरा दिवसांत येईल, मिळेल असे त्यांनी सांगितले. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हिची स्मरणशक्ती विलक्षण आहे, शिक्षकांच्या लक्षात आले नाही का? मी म्हटले, शिक्षक सत्काराच्या तयारीत होते. त्यांना वाटले मी दुसऱ्या कोणाबद्दल बोलते आहे.

परतीच्या गाडीत फोन बघितला. अठरा फोन, आणि केंद्रप्रमुखांचा निरोप, 'सोमवारी लेखी खुलासा सादर करावा.' करीन. मसुदा या वहीत तयारच आहे. सोमवारपासून माती आणि एका दिवशी एकच अक्षर. अर्फाने आताच सांगून ठेवले आहे की पोटात दुखणार.

गाडी मिरजेच्या बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "बाई, आता तरी सांगा. फुडं शेळीचं काय झालं?"

बारा आठवडे पोरगी हे विचारत होती. मी तिचे शब्द मोजत होते. कार्ड तिथेच संपते, पुढचे मलाही माहीत नव्हते. मी बनवून सांगू लागले. शेळीने कान का टवकारले, दारात कोण आले होते, काशीबाईने काय केले. मी चुकले तिथे अर्फाने दुरुस्त केले, शेळ्यांचे तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. कवठेमहांकाळ यायच्या आत शेळी उठून पाला खाऊ लागली. करडाची भर अर्फाने घातली, माझ्या गोष्टीत ते नव्हते. मिनिटाला किती शब्द झाले कोण जाणे.